रत्नागिरीचे सडे: कातळ, पाणी आणि माणसं

गणपती आटोपले, चाकरमानी मुंबईला परतले आणि कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पुन्हा जागा मिळू लागली. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा सड्यांसाठी सगळ्यांत चांगला, असं माझी मैत्रीण कित्येक वर्षं सांगत होती. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मला ओढ कातळशिल्पांची, म्हणजे सड्याच्या कातळावर फार पूर्वी कोरलेल्या चित्रांची. दोघींना जायचं एकाच जागी होतं, कारणं तेवढी वेगळी.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याच्या जवळ असे सडे एकामागून एक लागतात आणि त्यांच्या मधल्या खोल दऱ्यांतून नद्या, खाड्या समुद्राकडे जातात. वर्षातले सात-आठ महिने सडा काळा, तापलेला आणि उजाड दिसतो. सातबाऱ्यावर पुष्कळ ठिकाणी त्याची नोंद पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी अशी असते. पण या जमिनीशी माणसाचा हजारो वर्षांचा व्यवहार आहे. माणसानं कातळाला वळण लावलं आणि कातळानं माणसाला. हे वाचून माहीत होतं, या वेळी पायांनी फिरून पाहिलं.

पहिला दिवस: उक्षी

रत्नागिरीला सकाळी उतरलो, खोलीवर सामान टाकलं आणि गाडी ठरवून उक्षीला निघालो. उक्षीच्या सड्यावर हत्तीचं एकच मोठं कातळशिल्प आहे. ग्रामपंचायतीनं पुढाकार घेऊन त्याच्याभोवती चिऱ्यांची गोल भिंत बांधली आहे आणि वरून पाहायला जागा केली आहे. गावानं स्वतःहून जपलेल्या पहिल्या काही शिल्पांपैकी हे एक.

आम्ही पोचलो तेव्हा नुकतीच एक सर येऊन गेली होती. कोरलेल्या रेषांत पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात आभाळ उतरलं होतं. त्यामुळे सोंड, पाठ, पाय सगळं एका नजरेत उलगडलं. कोरडा असताना हाच हत्ती शोधावा लागतो, असं सोबत आलेल्या गावातल्या दादांनी सांगितलं. जांभा फोडला की आत लाल असतो. वरचा पृष्ठभाग ऊन-पाऊस खाऊन काळा पडतो. कोरलं त्या वेळी या रेषा काळ्यावर लाल अशा ठसठशीत दिसत असणार. आता त्याही काळ्या झाल्या आहेत.

भिंतीबाहेर एक वयस्कर काका गुरं राखत बसले होते. त्यांना विचारलं, हत्ती कधीपासून ठाऊक आहे? ते म्हणाले, "आमी बारके होताव तवा गुरं घेऊन हितंच असायचाव. ह्याच्यावर बसून भाकर खायाचाव. हत्ती हाय ते नंतर कळला. रेघा हायत, येवढा ठावं होता."

रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गेल्या दशकात ही शिल्पं शोधायला सुरुवात केली, तेव्हा त्यांना खरी मदत झाली ती अशा गुराख्यांचीच. गावोगाव जाऊन, सड्यावर काही चित्रं, काही रेघा आहेत का, असं विचारत ते फिरले. आज हजाराहून अधिक शिल्पांची नोंद झाली आहे. गुरांमागे चालणाऱ्या माणसाला सड्याचा हातन् हात ठाऊक असतो, म्हणून हे घडलं. पुढची पिढी गुरांमागे नाही. ही ओळख आता कुठे साठवायची, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सुटलेला नाही.

जाणाऱ्यांसाठी: शिल्पं पाहायला सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर जावं. उन्हं तिरपी असली की उथळ रेषांना सावली मिळते आणि आकार उठून दिसतो. फोटोसाठी रेषांत खडू, रांगोळी किंवा चुना अजिबात भरू नये. आकारांवर पाय देऊ नये. गावातलं कुणीतरी सोबत घ्यावंच. फोनवरचा नकाशा सड्यापर्यंत नेतो, शिल्पापर्यंत नेईलच असं नाही.

दुसरा दिवस: जांभरुण आणि चिरेखाण

जांभरुणच्या सड्यावर शिल्पांची दाटी आहे. माणसं, प्राणी, मासे आणि काही अर्थ न लागणारे भौमितिक आकार. तिथे आम्ही सकाळभर रमलो, पण त्या दिवसाचं खरं देणं सड्याखाली मिळालं.

सड्यावरून गावात उतरायला पाखाडी आहे, जांभ्याच्याच पायऱ्यांची. वर सपाट, मोकळं, वाऱ्याचं. आणि पन्नास-साठ पायऱ्या उतरलं की एकदम सावली, पोफळी, पाण्याचा आवाज. हवा बदलल्याचं अंगाला कळतं. एका घराच्या मागच्या बाजूला डोंगराच्या कुशीतून झरा बाहेर येत होता. तिथून पाणी पन्हळीनं दगडी डोणीत आणि पुढे पाटानं आगरात जात होतं.

त्या घरातल्या आजींनी ओटीवर बसवलं, पाण्याआधी गूळ पुढे केला. मैत्रिणीनं विचारलं, पाणी उन्हाळ्यात आटतं का? आजी म्हणाल्या, "सड्यावर पडतो तो पाऊस हितं लगेच नाय येत. वर तो जिरतो, मग सावकाश खाली येतो. दिवाळीनंतर बगा, वर सुका आन हितं धो धो."

सगळं जलशास्त्र त्या बोलण्यात आलं. जांभा सच्छिद्र दगड. पावसाळ्यात त्या भागात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातला बराच वाहून जातो, पण काही भेगांतून आणि छिद्रांतून आत उतरतो. जांभ्याखाली मऊ चिकणमातीचा थर असतो. तो पाणी अडवतो. मग पाणी आडवं सरकत सड्याच्या कडेला, जिथे डोंगरउतार त्या थराला छेदतो, तिथे झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. म्हणून कोकणातली इतकी गावं सड्याच्या माथ्यावर नाहीत. माथ्याखाली, उताराच्या मधल्या पट्ट्यात आहेत. घरं कुठे बांधायची, आगर कुठे करायचं, देऊळ कुठे ठेवायचं, हे पाण्याच्या त्या एका ओळीनं ठरवलं. झऱ्याच्या उगमाशी बहुतेक ठिकाणी देवस्थान किंवा राई असते, तिथली झाडं तोडत नाहीत. पाणी राखायची याहून जुनी व्यवस्था मला माहीत नाही.

जेवायला तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, मांडवावरच्या पडवळाची भाजी आणि शेवटी तवशाचं धोंडस. मोठी पिवळी काकडी किसून, रवा आणि गूळ घालून केलेलं, वरून खरपूस. काकडी घरामागच्या वरकस जमिनीतली, म्हणजे उतारावरच्या हलक्या मातीतली. तिथेच पूर्वी नाचणी आणि वरी होत असे. आजींनी दुसरा तुकडा वाढताना विचारलंसुद्धा नाही.

दुपारी परतताना एका चिरेखाणीवर थांबलो. आजींचं घर, ओटा, विहिरीचा कठडा, देवळाची पायरी, पाखाडी, सगळं जांभ्याच्या चिऱ्यांचं. जांभा जमिनीत असतो तेव्हा तुलनेनं मऊ असतो, हवा लागली की कडक होतो. म्हणून तो कापून काढता येतो आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. पूर्वी माणसं हातानं, पहारी-टिकावानं चिरा काढत. गावाला लागतील तेवढे घरांचे चिरे निघत आणि खड्डा लहान राहत असे. आता गोल पात्यांची यंत्रं रुळांवरून फिरतात. खाण पुरुषभराहून कितीतरी खोल गेली होती, भिंती सरळ कापलेल्या, तळाशी पावसाचं लाल पाणी. कामगार विजापूरकडचे होते. धुळीनं त्यांच्या पापण्याही लाल झाल्या होत्या. मुकादमानं चहा दिला आणि सांगितलं की इथला चिरा ट्रकनं कोल्हापूरपर्यंत जातो.

चिऱ्याचं घर मला आवडतं, सिमेंटच्या घरापेक्षा शंभर पटींनी आवडतं. पण सड्याचा तो सच्छिद्र थर म्हणजे खालच्या गावाची पाण्याची टाकी आहे. ती किती आणि कुठे कापायची, याचा निर्णय झऱ्यावर अवलंबून असलेल्या माणसांना विचारल्याशिवाय होऊ नये. खाणीखालच्या वाडीत एका बाईंनी सांगितलं की त्यांचा झरा पूर्वी मे महिन्यापर्यंत असायचा, आता शिमग्यालाच क्षीण होतो. खाण हेच त्याचं कारण असेल का, हे मोजमाप केल्याशिवाय सांगता येणार नाही. ते मोजमाप व्हायला हवं.

तिसरा दिवस: गोळप, पावस, कशेळी

किनाऱ्याच्या रस्त्यानं दक्षिणेकडे निघालो. भाट्याची खाडी ओलांडली की रस्ता सड्यावर चढतो आणि दोन्ही बाजूंना हापूसच्या बागा सुरू होतात. कलमं बुटकी, गोल, एका उंचीची. मधूनमधून काळ्या दगडांचे गडगे, म्हणजे नुसते दगड रचून केलेले बांध. पावसच्या पुढे ओळखीतून एका बागायतदारांकडे गेलो. वय सत्तरीच्या पुढे, पण चालणं आमच्या दोघींहून झपाझप.

त्यांनी दाखवलं ते असं. कातळात आधी सुरुंग लावून खड्डा करायचा. खालच्या मळ्यातून डोक्यावरून माती आणून तो भरायचा. कलम लावायचं आणि पहिली काही वर्षं उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालायचं. मुळं खड्ड्याबाहेर जाऊन कातळाच्या भेगा शोधतात. त्या सापडल्या की झाड तगतं. १९९० साली रोजगार हमी योजनेला जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हापासून हे काम सड्यासड्यावर झालं. "हा आमचा बाप," कलमाच्या खोडावर हात ठेवून काका म्हणाले, "आणि आम्ही ह्याचा."

त्यांचं सगळं वर्षच आंब्याच्या हाताखाली आहे. पावसाळा संपला की ऑक्टोबरची उष्णता, मग कोरडी थंडी. थंडी नीट पडली तर मोहोर नीट. डिसेंबरात ढग आले तर तुडतुडा ही कीड येते आणि फवारण्या वाढतात. राखणीला नेपाळहून आलेली कुटुंबं बागेतच झोपड्या करून राहतात. वानरं पळवणं, पाणी देणं, आंबा उतरवणं हे आज बहुतेक तीच माणसं करतात. एका झोपडीसमोर लहान मुलगी अभ्यास करत होती, मराठी शाळेचं पुस्तक घेऊन. तिनं आम्हाला तिची कविता म्हणून दाखवली, अस्सल रत्नागिरी हेलात.

माझी मैत्रीण मात्र इथे अस्वस्थ होती. सुरुंग लागलेल्या सड्यावर फुलं परत येत नाहीत, कातळावरचं पातळ मातीचं आवरण आणि पाण्याची डबकी मोडली की तिथली वनस्पतींची साखळी तुटते, हे तिनं काकांना सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ताई, बरोबर बोलताय. पण ह्या बागेवर तीन मुलं शिकली. मुंबईत खोली शोधायची वेळ आली नाही." दोघांचंही खरं होतं. मला एवढंच वाटतं की सगळे सडे बागेखाली जाऊ नयेत. ज्या सड्यांवर शिल्पं आहेत, फुलांच्या दुर्मीळ जाती आहेत, ते तरी ठरवून मोकळे ठेवावेत, आणि ते ठेवणाऱ्या जमीनमालकाला त्याचा मोबदला मिळावा. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत, हे शहरातून येणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

मुचकुंदीच्या खाडीवरचा पूल ओलांडून, पूर्णगड मागे टाकून, आडिवऱ्याच्या महाकालीचं दर्शन घेऊन कशेळीला पोचलो. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. जवळ उभं राहिलं की तो हत्ती आहे हे समजतच नाही. आपण त्याच्या पोटाशी उभे असतो आणि समोर माकड, मासे, लहानमोठी जनावरं दिसत राहतात, कारण त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांची गर्दी कोरली आहे. कडेनं पूर्ण फेरी मारल्यावर मनात आकृती जुळते.

आज रत्नागिरीच्या या पट्ट्यात रानहत्ती नाहीत. काही सड्यांवर गेंडाही कोरलेला सापडला आहे. कोरणाऱ्यांनी ही जनावरं पाहिली असतील तर इथलं रान, इथलं गवत आणि पाणी वेगळं असणार. चित्रांत शेतीची खूण नाही, नांगर नाही, धान्य नाही. त्यावरून ही शिकार आणि अन्नसंकलन करणाऱ्या माणसांची कामगिरी असावी, असं पुरातत्त्वज्ञ मांडतात. जवळपास दगडी अवजारंही मिळाली आहेत. काळाचा अंदाज मध्याश्मयुगापर्यंत मागे जातो. २०२२ साली कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात जागा आहेत, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ.

संध्याकाळी कनकादित्याच्या देवळात गेलो. सूर्याचं देऊळ कोकणात विरळा. शिलाहार राजा दुसरा भोज याचा इ.स. ११९१ चा ताम्रपट कशेळीचा आहे. देवळाच्या आवारात वारा नव्हता, सड्यावर तो अंगावर येत होता. रात्री एका घरगुती निवासात घावन आणि काळ्या वाटाण्याची उसळ मिळाली. ती खाण्यासाठी पुन्हा जाईन.

जाणाऱ्यांसाठी: या रस्त्यावर मुक्कामाची सोय आधी फोन करून ठरवावी, रात्री उशिरा जेवण मिळत नाही. एसटी आहे, पण सड्यांच्या फाट्यांवर वाट पाहण्यात अर्धा दिवस जातो. दिवसाची गाडी परवडते.

चौथा दिवस: देवीहसोळ आणि देवाचे गोठणे

पहाटेपासून भुरभुर पाऊस. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळ सड्यावर एक मोठा चौकोन कोरलेला आहे, आत नागमोडी रेषांची दाट वीण. प्राणी नाही, माणूस नाही. त्याचा अर्थ कुणालाही खात्रीनं सांगता आलेला नाही. इतका वेळ कातळ कोरणाऱ्याला काहीतरी महत्त्वाचं म्हणायचं होतं, हे मात्र त्या चौकोनासमोर उभं राहिलं की पटतं.

देवाचे गोठणे येथे भार्गवरामाचं देऊळ आहे. देवळापासून वर सड्यावर चढायला चांगला घाम निघतो. वर पाऊस थांबला, आणि मैत्रीण जी खाली बसली ती तासभर उठली नाही.

बोटभर खोलीची माती, त्यात पाणी, आणि त्यावर निळ्याजांभळ्या सीतेच्या आसवांचा गालिचा. त्यांच्यात पांढरे गेंद, पिवळा कवला, कडेला तेरडा. कातळाच्या ओल्या भेगेत दवबिंदू, लालसर केसांवर चिकट थेंब घेऊन उभा. सीतेची आसवं आणि दवबिंदू दोन्ही कीटकभक्षी. दवबिंदू चिकट पानांवर किडा धरतो, तर सीतेच्या आसवांचे बारीक फुगे मातीतल्या पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेतात. एवढ्या पातळ, धुपलेल्या मातीत नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतंच, म्हणून या झाडांनी पोटाची सोय अशी लावली. पाऊस जाताच पंधरा-वीस दिवसांत सगळं सुकून बी होतं आणि पुढच्या मृगापर्यंत कातळाच्या खाचांत पडून राहतं.

मैत्रिणीनं एक गोष्ट सांगितली, ती मला नवी होती. या छोट्या फुलांना गुरं लागतात. बेतानं चराई असेल तर उंच गवत वाढत नाही आणि बोटभर उंचीच्या झाडांना ऊन मिळतं. कास पठारावर कुंपण घातल्यानंतर फुलं कमी झाल्याच्या तक्रारी आल्या आणि पुढे ते कुंपण काढलं गेलं, त्यामागे हाच विचार होता. म्हणजे ज्याला आपण अस्पर्श निसर्ग समजून पाहायला जातो, त्या गालिच्यात पिढ्यान्‌पिढ्यांच्या गुराख्यांचा हात आहे. उक्षीचे काका आठवले. त्यांची गुरं गेली की रेघांची ओळख जाईल, आणि कदाचित फुलंही.

आमच्याबरोबर आलेला गावातला तरुण म्हणाला की वाडीत आता मोजकीच गुरं उरली आहेत. पूर्वी सड्यावरचं गवत कापून उडवी, म्हणजे गवताची गंजी, रचायचे, ती दर घराला असायची. आता गवत उभं वाळतं आणि उन्हाळ्यात वणवा लागला की बागांपर्यंत पोचतो. उतारावरचे ऐन आणि किंजळ त्यानं दाखवले: भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, दरवर्षी टहाळ तोडून तोडून खांबासारखे झालेले. जिथे राब भाजणं थांबलंय तिथे तीच झाडं पुन्हा फांद्या फोडू लागली आहेत. झाडाकडे पाहून त्या घरात भात लावतात की नाही हे ओळखता येतं, असं तो म्हणाला आणि खाली उतरताना ओळखून दाखवलंही.

गोठण्याच्या सड्यावर एक उभी मानवाकृती आहे. तिच्यावर होकायंत्र ठेवलं की सुई उत्तर सोडते. सोबतच्या त्या गावातल्या मुलानं खिशातून होकायंत्र काढलं, आकृतीबाहेर ठेवलं, मग आत सरकवलं, सुई फिरली. जांभ्यात लोह भरपूर असतं आणि इथे चुंबकीय विक्षेप असल्याची नोंद अभ्यासकांनी केली आहे. कोरणाऱ्यानं नेमकी हीच जागा का निवडली, यावर तर्क पुष्कळ आहेत. मुलाचं स्वतःचं मत ठाम होतं: "जागेवाला हाय हितं. त्यांना पण कळलाच असंल." जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार. सड्यावर पाय ठेवण्याआधी त्यानं चप्पल काढली होती. आम्हीही काढली.

जाणाऱ्यांसाठी: ओल्या कातळावर शेवाळ असतं, घट्ट पकडीची पादत्राणं हवीत. फुलांच्या गालिच्यातून चालू नका, उघड्या कातळावरून वाट काढा. ड्रोन उडवायच्या आधी गावात विचारा. सड्यावर सावली कुठेच नाही. पाऊस थांबला की ऊन भाजतं, दोन बाटल्या पाणी कमी पडतं.

पाचवा दिवस: बारसू आणि राजापूर

बारसूच्या सड्यावर एक माणूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन वाघ, असं शिल्प आहे. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांना थोपवणारा माणूस आहे, त्याच्याशी याची तुलना केली जाते. मला मुद्रेपेक्षा कातळ मोठा वाटला. अंगाएवढं चित्र, उघड्या आभाळाखाली, ज्या रानात वाघ होते तिथेच.

याच परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा प्रस्ताव आला, त्याआधी तो नाणारला होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये माती परीक्षणाच्या वेळी इथे मोठं आंदोलन झालं. स्त्रिया उन्हात सड्यावर बसून राहिल्या होत्या. रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेताना टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, "सडा गेला तर खाली पानी कुठनं येनार? नळाला काय, नळ कोनी पन लावील." बाजूला बसलेला पंचविशीतला मुलगा बोलला, "आणि काम कुठनं येणार, मावशी?" मावशी गप्प राहिल्या नाहीत, त्यांनी त्याला आंब्याच्या कॅनिंगपासून होम-स्टेपर्यंत यादी ऐकवली. तो हसला, पण पटलं नव्हतं. त्याला पुण्यात मुलाखतीला जायचं होतं. माझं मत मावशींच्या बाजूचं आहे, आणि त्या मुलाला उत्तर देणं ही मावशींच्या बाजूच्या सगळ्यांची जबाबदारी आहे असंही मला वाटतं.

राजापूर खाली, अर्जुना आणि कोदवली नद्यांच्या काठी. इंग्रजांची वखार इथे १६४९ साली निघाली, तेव्हा खाडीतून जहाजं शहरापर्यंत येत. डोंगरउतारांवरची माती गाळ होऊन खाडीत उतरत गेली, खाडी उथळ झाली, बंदर गेलं. बाजारपेठ मात्र तिथेच राहिली आणि पावसाळ्यात पाणी तिच्यात शिरतं. एका जुन्या दुकानात भिंतीवर पुराच्या खुणा वर्षांसकट लिहून ठेवलेल्या पाहिल्या. दुकानाच्या फळ्या उंचावर सरकवता येतील अशा केलेल्या होत्या. दुकानदार म्हणाले, पाणी चढायला लागलं की माल वर न्यायला किती वेळ मिळेल हे नदीच्या आवाजावरून कळतं.

दुपारी जवळच्या उन्हाळे गावी गेलो. गरम झऱ्यावर स्त्रियांसाठी वेगळी सोय आहे; चार दिवसांच्या चढ-उतारानं आखडलेले पाय तिथे सुटले. जवळच राजापूरची गंगा, चौदा कुंडं. साधारण तीन वर्षांनी अचानक पाणी येतं, काही काळ राहतं आणि जातं. आम्ही गेलो तेव्हा कुंडं कोरडी होती. पुजाऱ्यांनी स्वच्छ झाडून ठेवली होती.

संध्याकाळी राजापूर रोड स्थानकावरून गाडी. स्थानक शहरापासून बरंच आत आहे, रिक्षा आधी सांगून ठेवावी.

मैत्रिणीनं पाहिलेल्या वनस्पतींची मराठी नावांसकट यादी करून गोठण्याच्या त्या मुलाला पाठवली आहे. तो वाडीतल्या झऱ्यांची नोंद करतोय, कोणता कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो याची. ज्यांना जायचं असेल त्यांनी सप्टेंबर चुकला तर जुलै धरावा. दिपकाडीची पांढरी फुलं तेव्हा येतात, ती कोकणातल्या सड्यांचीच आहेत, आणि फुलोरा थोडेच दिवस टिकतो. गावात आधी फोन करून फुललीय का ते विचारा.